व्हरांड्यातले तास

आमच्या वाड्यातली सगळी चुलत भावंडं एकाच हायस्कुलात शिकली. त्यामुळे दुपारी शाळेत जे घडायचं ते संध्याकाळपर्यंत निदान तीन तोंडांनी घरी येऊन पोचायचं. थोरल्या काकांचा दादा आणि मधल्या काकांची ताई एकाच वर्षीचे, दोघंही 'ब' तुकडीत. अक्का त्यांच्या मागं दोन इयत्ता आणि आपल्या वर्गाची मॉनिटर. मी सगळ्यांत धाकटा, बातम्या ऐकण्यापुरता. आणि आत्या जिल्हा परिषदेच्या जीवन शिक्षण विद्यामंदिरात शिकवायची, ती संध्याकाळचा चहा घेताना या बातम्यांची कसून चौकशी करायची. १९७०च्या दशकाचा शेवट, कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं.

आता आम्ही सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. गणपतीला वाड्यावर जमलो की रात्री आरत्या झाल्यावर जुन्या गोष्टी निघतात. आजीचं मेतकूट, विहिरीत पडलेली कळशी, वीज गेली की कंदिलाच्या काचा पुसायची पाळी कोणाची. हे सगळं हसत-खेळत होतं. एक विषय मात्र निघाला की बसलेली माणसं जरा सरसावून बसतात. दादाला सर वर्गाबाहेर काढायचे, ते बरोबर होतं का?

शिक्षांचा क्रम तेव्हा ठरलेला असायचा. आधी जागेवर उभं राहायचं, मग बाकावर. मग अंगठे धरायचे, मग हातावर छडी. आणि या सगळ्याला जो पुरून उरेल त्याला 'गेट आऊट'. आमच्या शाळेला लांबलचक व्हरांडा होता. शहाबादी फरशी, दगडी खांब, एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला ऑफिस आणि ऑफिसच्या दारात टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाईमामा त्यावर लोखंडी दांडकं हाणायचे तीच घंटा. नववी 'ब'च्या खिडकीशेजारी भिंतीचा चुना खांद्याएवढ्या उंचीवर घासून गेला होता. बाहेर उभ्या केलेल्या मुलांच्या पाठी टेकून टेकून.

बाहेर किती वेळ उभं राहायचं याला काही नियम नव्हता. सरांना आठवण झाली तर ते आत बोलवायचे. नाही झाली तर तास संपायचा, सर हजेरीपट आणि डस्टर घेऊन निघून जायचे, आणि मुलगा तिथंच. पुढच्या तासाच्या सरांना वाटायचं, याला हेडमास्तरांनीच उभं केलं असणार, आपण कशाला मध्ये पडा. असे दोन-दोन, तीन-तीन तास जायचे. मुलगाही आपण होऊन आत जायचा नाही, कारण आत जाऊन 'मला परत घ्या' म्हणायला लागायचं, तेही साठ मुलांसमोर. घरी येऊन सांगायची सोय नव्हतीच. वर्गातून काढलं म्हटल्यावर घरी दुसरी शिक्षा व्हायची. थोरल्या काकांचा हात जड होता.

पहिल्यांदा बाहेर काढलं त्या दिवशी दादा रडला होता. हे ताईनं पाहिलं आणि कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही. पुढं मात्र तो व्हरांड्यात रुळला. शिपाईमामांना टाकीत पाणी भरू लागायचा, ऑफिसातून वर्गावर्गात फिरणाऱ्या नोटिशीची वही कोणत्या वर्गाकडं निघाली ते त्याला आधी कळायचं, चिमण्या कोणत्या वाशात घरटं करतात हे त्याला माहीत. शेजारच्या दहावीच्या वर्गात इतिहास शिकवणाऱ्या बाईंचा आवाज खणखणीत होता. दादानं व्हरांड्यात उभं राहून जालियनवाला बाग ऐकली, दांडी यात्रा ऐकली, आणि संध्याकाळी आम्हांला पायरीवर बसवून ती सांगितली. त्याच्याइतकी चांगली ती मला पुढं कोणी सांगितली नाही.

म्हणून त्याला मठ्ठ म्हणणं आम्हां भावंडांना कधीच पटलं नाही. पण तो वर्गात छळायचा हेही तितकंच खरं. तोंडानं एसटी कंडक्टरची डबल बेल वाजवायचा. हुबेहूब. सर फळ्याकडं वळले की मागून 'टिंग टिंग', आणि सगळा वर्ग फुटायचा. पुढच्या मुलीची रिबन बाकाला बांधायचा. बाकाखालून पाय आपटायचा. सर चिडायचे आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं होतं. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात पाच मिनिटं हजेरीची, साठ-पासष्ट मुलं, आणि मदतीला कोणी नाही. वर्षाअखेरीस निकाल किती टक्के लागला हे त्यांनाच विचारलं जाणार. एका मुलाला बाहेर काढलं की उरलेल्यांना शिकवता येतं, एवढा सरळ हिशेब ते करत होते. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं काही केलं असतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ही डबल बेल कोणत्या तासाला वाजते, ते पाहायला आत्याच लागली.

तो प्रसंग मला स्पष्ट आठवतो, कारण मी तिथंच माजघरात पाढे लिहीत होतो. आत्यानं ताईकडून वर्गाचं वेळापत्रक उतरवून घेतलं होतं. ते पुढ्यात ठेवून ती दादाला विचारत होती, आज कोणत्या तासाला काढलं? काल? परवा? दादा मान खाली घालून सांगत होता. इंग्रजी. मराठी. इंग्रजी. हिंदी. गणिताच्या तासाला कधी? नाही. विज्ञानाच्या? नाही. चित्रकला, पीटी? कधीच नाही. आत्यानं पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मग एकच प्रश्न विचारला, "आज तुला बाहेर काढलं तेव्हा धडा वाचत कोण होतं?"

दादा काही बोलेना. ताईनं सांगितलं. दादाच्या पुढच्या बाकावरचा मुलगा वाचत होता.

त्या तासांना पाळीपाळीनं उभं राहून धडा वाचायचा असे. ओळ पुढून सुरू व्हायची. दोन बाकं अलीकडं वाचन येऊन पोचलं की दादाची डबल बेल वाजायची. वाचायची वेळ यायच्या आत तो बाहेर गेलेला असायचा. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं येत होती, पण जोडाक्षर आलं की अडखळायचा, ओळ सुटायची, खालची ओळ वर यायची. सातवीपर्यंत पाठांतरावर निभावून नेलं होतं. वर्गाबाहेर उभं राहण्याची लाज एकदाचीच असते. साठ जणांसमोर एका वाक्यावर तीनदा अडखळण्याची लाज रोज नवी असते. त्यानं त्यातल्या त्यात सोपी ती पत्करली होती. याला आज 'अध्ययन अक्षमता' म्हणतात, अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. तेव्हा आमच्या गावात त्याला नुसतं 'उंडगा' म्हणत.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिस्तीच्या चर्चेत आपण गृहीत धरतो की वर्गात बसणं हे सुख आणि बाहेर काढणं हे त्या सुखाला मुकणं. ज्या मुलाला वर्गात बसणंच असह्य झालंय त्याला बाहेर काढलं की आपण त्याला हवं तेच देतो, आणि ते कसं मिळवायचं याचा धडाही देतो. दादाचा उपद्रव शिक्षेनं वाढत गेला त्याचं कारण हे होतं. वर्तनाच्या नोंदी ठेवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे महिन्याभरात दिसेल. आत्याला एका वेळापत्रकावरून दिसलं.

तिनं जाऊन सरांना सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, हे मी मुद्दाम लिहितो. काही दिवस त्यांनी दादाला मोठ्यानं वाचायला लावलं नाही, प्रश्न तोंडी विचारले. डबल बेल जवळजवळ थांबली. मग त्या सरांची बदली झाली.

इथपर्यंत गोष्ट आली की ताई बोलायला लागते. आणि तिचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय या विषयावर मत बनवू नये, असं माझं ठाम मत आहे.

ताई त्याच वर्गात, मुलींच्या दुसऱ्या बाकावर. हुशार, निमूट. तिला डॉक्टर व्हायचं होतं. नववीचं ते वर्ष इंग्रजीच्या दृष्टीनं वाया गेलं असं ती म्हणते. दादा आणि त्याच्या मागं लागलेली आणखी चार-पाच टगी मुलं यांच्यावर ओरडण्यात तास जायचा. सर कंटाळून फळ्याकडं तोंड करून शिकवायचे, मागच्या बाकांना ऐकूच जायचं नाही. पॅसिव्ह व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट, रिपोर्ट लिहिणं, सगळं गोंधळात वाहून गेलं. दहावी कशीबशी गाइडावर पार पडली. अकरावीला सायन्सला गेली आणि पहिल्याच दिवशी केमिस्ट्री, बायॉलॉजी सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या कोणालाही ते अवघड जायचंच, पण जिचं नववीचं इंग्रजीच राहून गेलं तिला उभं राहायला जागाच नव्हती. वर्षभरानं तिनं सायन्स सोडलं आणि आर्ट्सला गेली. पुढं बँकेत लागली, सगळं नीट झालं. पण दादाला सहानुभूती मिळू लागली की ती शांतपणे म्हणते, "अरे, मलापण कोणीतरी विचारा. मी कुठलीच बेल वाजवली नाही."

दादासमोर म्हणते. दादा ऐकून घेतो. त्या दोघांचं एकमेकांवर जितकं प्रेम आहे तितकं आमच्यात कोणाचंच नाही.

मला वाटतं, या वादात गप्प बसलेल्या मुलांची बाजू कोणी मांडत नाही. मुलाला समजून घ्या, असं आपण सगळे म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण एका मुलाला समजून घेताना शिक्षिकेचा जो वेळ जातो तो उरलेल्या साठ जणांच्या वाट्यातून जातो. त्यांतली चाळीस मुलं अशी असतात की ज्यांना घरी कोणी शिकवणार नाही, शिकवणी लावायला पैसे नाहीत, जे काही पदरात पडायचं ते याच पस्तीस मिनिटांत. त्यांनी निमूट बसून हे सहन करावं, हा न्याय नव्हे. तेव्हा गोंधळ घालणाऱ्या मुलाला काही वेळ वर्गाबाहेर नेणं मला अन्यायाचं वाटत नाही. कधी कधी ते न केलं तर अन्याय होतो. आत्यासुद्धा ते करायची.

फक्त ती व्हरांड्यात उभं करायची नाही. तिच्या शाळेत पहिली ते सातवी, शिक्षक मोजके. सातवीतलं एखादं पोर अगदीच अनावर झालं की ती त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची आणि पहिलीच्या बाईंकडं पाठवायची. तिथं त्यानं लहान मुलांच्या पाट्या तपासायच्या, पेन्सिलींना टोकं करून द्यायची. चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असायची, वीस मिनिटं, आणि वीस मिनिटांनी ते परत आपल्या जागेवर. परत आल्यावर वर्गासमोर एक शब्द नाही. मधल्या सुट्टीत मात्र डबा खाताना त्याला शेजारी बसवून घ्यायची. जो भाग बुडाला तो तिथंच सांगायची. "बाहेर पाठवायचं तर कुठं पाठवतोय आणि परत कधी आणणार, हे पोराला आधी ठाऊक पाहिजे," असं ती म्हणायची. पहिलीच्या बाई तिच्या मैत्रीण होत्या म्हणून हे जमायचं, हेही ती कबूल करायची. हायस्कुलातल्या सरांना अशी कोणी मैत्रीण नव्हती.

आता अक्काची गोष्ट. तास मोकळा असला, सर यायचे असले की मॉनिटरनं फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची असत. पुन्हा बोललं की नावापुढं फुली. तीन फुल्या झाल्या की सर आल्यावर बाहेर. अक्काचं अक्षर सुंदर, ती हे काम मन लावून करायची. पुष्कळ वर्षांनी, आम्ही अशाच एका गणपतीत बसलो असताना ती एकदम म्हणाली की त्या फळ्यावर गावातल्या डॉक्टरांच्या मुलीचं नाव तिनं कधीच लिहिलं नाही. ती बोलायची नाही असं नव्हे. खाणीजवळच्या वस्तीतून दगड फोडणाऱ्यांच्या दोन मुली यायच्या, त्यांची नावं मात्र रोज असायची. त्यातल्या एकीची तर हजेरी घेऊन झाली की नाव लिहूनच ठेवलेलं असायचं. "मला कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला," अक्का म्हणाली, "पण सरांना कोणतं नाव चालेल हे मला कळत होतं." त्या दोघी दिवाळीनंतर शाळेत आल्या नाहीत. पटावरून नाव कमी झालं, एवढंच.

वर्गाबाहेर कोण जातं, हा प्रश्न आपल्याकडं वर्तनापुरता कधीच नव्हता. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. आज राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तो मुलगा वर्गातल्या इतरांबरोबर बसू शकत नव्हता. एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर, आणि संध्याकाळी ते गोणपाट उचलून परत घरी, कारण शाळेची झाडलोट करणारा त्याला हात लावत नसे. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या मुलानं काय गोंधळ घातला होता? साताऱ्यापासून आमचं गाव काही फार लांब नाही. पाऊणशे वर्षांनी आमच्या शाळेत गोणपाट नव्हतं, सगळ्यांना बाक होता, हा मोठा बदल. पण फळ्यावरच्या नावांमधून जुनंच काहीतरी चालत आलं होतं. म्हणून मुलाला बाहेर काढणं न्याय्य का, असं कोणी विचारलं की मला आधी बाहेर काढलेल्या मुलांची यादी पाहावीशी वाटते. त्यांत सगळ्या आळ्यांतली मुलं आहेत का?

तुकड्यांचंही तेच. 'अ'मध्ये जास्त मार्कांची मुलं, 'ड'मध्ये नापास होत आलेली. 'ड'ला शेवटी जो शिक्षक उरेल तो. 'ड'च्या मुलांना कोणी वर्गाबाहेर काढत नसे, कारण अख्खा वर्गच बाहेर काढल्यासारखा होता.

दादाच्या शाळेचा शेवट कसा झाला ते सांगायला हवं. नवे सर आले, त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. पुन्हा ओळीनं वाचन. फेब्रुवारीतला दिवस. दादानं वाचायला नकार दिला, सरांनी जबरदस्तीनं उभं केलं, मागून कोणीतरी हसलं. दादानं वळून हातातली कंपासपेटी फेकली. पत्र्याची पेटी, तिचं टोक एका मुलाच्या भुवईला लागलं. सरकारी दवाखान्यात टाके घालावे लागले.

संध्याकाळी त्या मुलाची आई वाड्यावर आली. आरडाओरडा केला नाही. सोप्यात उभं राहून म्हणाली, "वहिनी, बोटभर खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता माझ्या पोराचा." काकू काही बोलू शकली नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. उद्या माझं पोर त्याच वर्गात त्याच्याच पुढं बसणार का, हा त्या माउलीचा प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण हक्क होता. दादाला काही दिवस त्या वर्गापासून लांब ठेवायला हवं होतं, याबद्दल घरात कोणाचं दुमत नव्हतं. आजीचंही नव्हतं, आणि दादा तिचा जीव की प्राण.

पण शाळेनं काही दिवस म्हटलं नाही. काकांना बोलावून सांगितलं की तुम्हीच अर्ज करा आणि दाखला घेऊन जा, आम्ही काढलं तर पोराचं वाटोळं होईल. ते दयेनं सांगितलं होतं असं काका मरेपर्यंत मानत होते. काका गेल्यावर कागदपत्रं आवरताना तो शाळा सोडल्याचा दाखला सापडला. पिवळा पडलेला, घडीवर विरलेला, निळ्या शाईत भरलेला. 'वर्तणूक' या रकान्यात लिहिलंय, 'चांगली'. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात, 'पालकांच्या विनंतीवरून'. दोन्ही खोटं. वर्तणूक वाईट लिहिली असती तर पुढच्या शाळेनं त्याला घेतलं नसतं, हे खरं. पण वर्तणूक अशी का आहे, वाचनाशी तिचा काय संबंध आहे, आत्यानं सहा महिन्यांपूर्वी काय येऊन सांगितलं होतं, यातलं एक अक्षर त्या कागदाबरोबर पुढं गेलं नाही. नवी शाळा शेजारच्या गावात, सायकलवर जायचं, वर्ष वाया गेलेलं. तिथंही पाळीपाळीनं वाचन होतंच. दादा दहावी दुसऱ्या खेपेला सुटला, आयटीआयला वायरमन झाला, मोटारी रिवाइंड करायचं दुकान काढलं. हातात कला होती, दुकान चाललं. त्याचं चांगलं झालं म्हणून शाळेनं केलं ते ठीकच झालं, असं म्हणणारे नातेवाईक आमच्याकडं आहेत. मला ते पटत नाही. हातात कला नसती तर?

आत्या निवृत्त झाल्यावर कोल्हापूरला जाऊन लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय पाहून आली. १९८५ साली सुरू झालेली ती शाळा, जिथं मारायचं नाही, धाक घालायचा नाही, मुलांना एकमेकांशी झुंजवायचं नाही. आल्यावर ती बरेच दिवस तेच बोलत होती. पुढं 'तोत्तोचान' मराठीत आलं तेव्हा ते तिनं घरातल्या सगळ्या नातवंडांना रात्री मोठ्यानं वाचून दाखवलं. ते पुस्तक सुरूच होतं शाळेतून काढलेल्या मुलीपासून. पहिलीतली मुलगी, तासाला खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते, बाकाचं झाकण सारखं उघडते-मिटते, बाई हात टेकतात. तिची आई तिला तोमोए या शाळेत घेऊन जाते आणि तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी त्या मुलीचं बोलणं चार तास ऐकून घेतात. आत्या इथं थांबायची. आणि आणखी एके ठिकाणी थांबायची. आधीच्या शाळेनं आपल्याला काढलं होतं हे आईनं तिला वयाची वीस वर्षं उलटल्यावर सांगितलं. आमच्या दादाला ते रोज सांगितलं गेलं. घरी, आळीत, लग्नकार्यात पंगतीला बसल्यावरसुद्धा. "हाच का तो, कंपासवाला?"

आता कायदा पुष्कळ पुढं गेलाय. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सोळाव्या कलमानं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाही मुलाला शाळेतून काढता येत नाही. सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. २०१९मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीला नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकायची बंदी तशीच राहिली. हा कायदा झाला याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याचं संरक्षण आठवीपर्यंत. दादा नववीत होता. आणि 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहायचा रकाना अजून दाखल्यावर आहे.

यंदा हा विषय निघाला तो ताईच्या मुलीमुळे. ती पुण्याजवळच्या एका अनुदानित शाळेत सहावीला शिकवते. तिच्या वर्गात एक मुलगा आहे, तो चिडला की समोर येईल ते भिरकावतो. बाकीच्या पालकांनी सह्या करून अर्ज दिलाय की त्याला काढा. कायद्यानं काढता येत नाही, म्हणून शाळेत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, त्याच्या आईला समजावून सांगा, तिनंच दाखला मागितला तर बरं. त्या मुलाची आई चार घरची धुणी-भांडी करते. भाची म्हणाली, वर्गात ठेवलं तर रोज कोणाला तरी लागतंय, बाहेर उभं केलं तर माझ्यावर तक्रार, आणि खरं सांगू का मामा, तो बाहेर गेला की बाकीची मुलं शिकतात, हे मला दिसतं.

रात्री उशिरापर्यंत सगळे बोलत बसले. दादानं पहिला प्रश्न विचारला तो कोणत्या तासाला फेकतो, हा. भाचीनं तसं पाहिलं नव्हतं. अक्कानं विचारलं, आणखी कोणी फेकतं का, आणि त्यांच्या आयांकडं कोणी अर्ज घेऊन जातं का. आत्या आता नव्वदीला आली आहे, तिला ऐकू कमी येतं, पण विषय कळल्यावर तिनं एवढंच विचारलं, त्या शाळेत पहिलीच्या बाई कोण आहेत?

गणपतीनंतर भाचीनं मुख्याध्यापकांना लेखी मागणी दिली. ग्रंथालयाची खोली तासांच्या वेळेत उघडी राहावी, तिथं एक मोठं माणूस असावं, मुलाला पाठवायचं ते ठरावीक वेळेसाठी, आणि बुडालेला भाग कोण घेणार ते आधी ठरावं. मोठं माणूस मिळेना, कारण शाळेत दोन पदं रिकामी आहेत. शेवटी ग्रंथालय सांभाळणाऱ्या लिपिकांनी हो म्हटलंय, दिवाळीपर्यंत करून पाहू या म्हणून. एक वही घातली आहे. कोणाला पाठवलं, कोणत्या तासाला, त्याआधी वर्गात काय चाललं होतं, किती वाजता परत आला. ताईनं फोन करून त्यात एक रकाना वाढवायला लावला, तो गेल्यावर वर्गाला किती शिकवून झालं. पहिल्या तीन आठवड्यांच्या नोंदीत तो मुलगा सगळ्यांत जास्त वेळा मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्याच तासाला बाहेर गेलेला दिसतो. तो डबा आणत नाही, असं भाचीला आता कळलंय. सहावीला शाळेत खिचडी असते, पण तो रांगेत उभा राहत नाही. का राहत नाही, हे ती शोधते आहे.